पिवळा दोरा

हळद शिजायला लागली की आमच्या गावात कुणाला काही लपवता येत नाही. बोटं पिवळी, नखं पिवळी, पदराचं टोक पिवळं, चहाच्या कपाचा कान पिवळा. कुणी कपाट उघडलं, कुणी डब्यातला गूळ काढला, सगळं उमटतं. हट्ट्याच्या अलीकडं आमचं गाव. फाल्गुनात इथं दर दोन घरांमागं एका अंगणात हळद शिजवायचा मोठा लोखंडी कुकर पेटलेला असतो आणि त्या वाफेचा गोडसर, मातकट वास कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा येतो. यंदाही आला.

काल माझी लेक प्रणिता तिच्या लहानगीला घेऊन माहेरी आली. त्या नातीसाठी मी एक वाकळ शिवायला घेतलीय. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवायची ती वाकळ. शहरात तिला गोधडी म्हणतात. प्रणितानं ती मघाशी हातात घेतली, उलटी केली, मागची बाजू बघितली आणि काहीच बोलली नाही. वाकळीची मागची बाजू बघून गप्प राहणं म्हणजे काय असतं, ते या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

मला वाकळी शिवायचा नाद आहे. नादच म्हणायचा, कारण घरात आता दुकानातल्या गुळगुळीत रजया आहेत, ब्लँकेटं आहेत, वाकळीवाचून कुणाचं अडत नाही. आमचे हे म्हणतात, तुला सुई दिली की जेवायची आठवण राहत नाही. खरं आहे ते. कपड्याचे तीन थर फोडून सुई आरपार जाते आणि दोरा सर्रकन ओढला जातो, तेव्हा डोक्यातली निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी मी बोलून मिटवते.

पण हा नाद मी माहेराहून आणलेला नव्हे. माझं माहेर औंढ्याचं. वडिलांचं देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान. लहानपणापासून मला एकच सुई माहीत, हार ओवायची. लग्न होऊन इथं आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या मांडीवर वाकळ टाकली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं नाव गयाबाई, आणि गयाबाईची वाकळ म्हटलं की चार गावच्या बाया मान डोलवायच्या. मी बापडी तीन दिवस खपून एक बाजू शिवली. चौथ्या दिवशी अंगणात सहा-सात जणी बसलेल्या असताना आत्याबाईंनी ती उलटी केली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हार करून राहिली का, देवाला घालायचा?" साऱ्या हसल्या. मग त्यांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि माझे तीन दिवस सर्रकन ओढून काढले. निघालेला दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. दोरा चांगलाय, परत घाल, म्हणाल्या.

त्या दिवशी गोठ्यामागं जाऊन मी जे रडले आणि जे जे बोलले, ते म्हशीनं ऐकलं तेवढंच. एकूण तीन वेळा त्यांनी माझी शिवण उसवली, तिन्ही वेळा चारचौघींत. चौथ्या वेळी अंगठा फिरवला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. पुढं पंचवीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच वाकळीच्या दोन टोकांना बसून शिवलं. त्यांच्याइतकी सरळ ओळ मला कधी जमली नाही. पण ते तीन वेळचं उसवणं मी विसरलेही नाही, हेही खरंच सांगते. माझ्या स्वभावात विसरणं जरा कमीच आहे.

मी सांगतेय तो हळदीचा हंगाम प्रणिताच्या लग्नाच्या वर्षीचा. अक्षय तृतीयेनंतरची तारीख धरलेली, पाहुणे साखऱ्याकडचे. आमच्या घरची रीत अशी की सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर एक वाकळ जाते, आणि ती घरातल्या थोरल्या बाईनं शिवायची असते. लग्नात रुखवताच्या टेबलावर ती घडी घालून ठेवतात. बघणाऱ्या बाया लाडू-करंज्यांकडे बघतच नाहीत. सरळ वाकळीकडे येतात, कोपरा धरतात आणि मागची बाजू उलटतात.

आणि आत्याबाईंचे डोळे गेले होते. काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बाकी काही नाही. त्यांनी ते एकदा ऐकून घेतलं आणि परत कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत. संक्रांत झाली तशी म्हणाल्या, प्रणिताची वाकळ मांडा. आम्ही कुणी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तर असा क्रम ठरला. सकाळी मी सात सुयांमध्ये दोरा ओवून छोट्या उशीवर ओळीनं टोचून ठेवायची. त्या ओसरीवर बसून जेवणापर्यंत शिवायच्या. वाकळ बाहेरच्या काठाकडून आत शिवत जातात, चौकोनात चौकोन, आणि शेवटी मध्यावर येतात. त्या मधल्या जागेला पोट म्हणतात. तिथला एक तुकडा मोकळा ठेवून त्यात चिमूटभर ज्वारी घालायची आणि मग पोट बंद करायचं, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. पहिल्या चार ओळी आत्याबाईंच्या सरळ गेल्या, कारण काठाचा आधार होता. बोटानं काठ चाचपायचा, सुई चालवायची. काठ लांब राहिला तशी ओळ खाली घसरायला लागली. एक वाकडी गेली की पुढची तिच्या मागं वाकडी. एके दिवशी तर दोन ओळी एकमेकींवर चढल्या आणि वरच्या लुगड्याला चुणी पडली.

त्याच आठवड्यात आमची हळद निघाली. अंगणात कुकर पेटला. मी आणि दोन बाया दिवसभर शिजलेली हळद उपसायचो, काडी टोचून बघायचो, ताडपत्रीवर पसरायचो. दुपारी आत्याबाई जेवून आडव्या झाल्या आणि मी ती चुणी पडलेली वाकळ घेऊन मागच्या खोलीत गेले. एवढी एकच ओळ, असं मी स्वतःला सांगितलं. कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. कट् असा आवाज झाला तेव्हा माझा जीव दाराकडे गेला.

एक ओळ कुणाची एकच राहिलीय का. रोजचंच झालं. सकाळी त्यांनी शिवायचं, दुपारी मी उसवायचं आणि परत शिवायचं, त्या उठायच्या आत. शेजारच्या अंगणात हळद पॉलिश करायचा ड्रम होता. तो गरगर फिरत असला की मला बरं वाटायचं, त्या आवाजात कात्री ऐकू यायची नाही. ड्रम मधेच थांबला की माझा हात जागच्या जागी थांबायचा. आत्याबाईंची झोप पाखरासारखी. खाट करकरली की मी वाकळ गुंडाळून गव्हाच्या कोठीमागं सारायची. आणि उसवलेले दोरे? ते मुठीत धरून बाहेर यायची आणि कुकरखालच्या जाळात टाकायची. पुरावा नको म्हणून.

वाईट कशाचं वाटायचं सांगू का. सकाळी त्या आदल्या दिवशीच्या ओळीवरून बोट फिरवायच्या आणि थबकायच्या. काल हितं घसरल्यासारखं वाटलं होतं, म्हणायच्या, पण बराबर हाय की. आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मला खाली बघावं लागायचं. त्यांना वाटत होतं हात परत आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, डोळे गेले तरी हात गेला न्हाई. दरवेळी हे ऐकलं की मी ठरवायची, उद्यापासून बंद. आणि दुसऱ्या दिवशी ओळ त्याहून वाकडी.

मी हे मायेनं करत होते का? लोकांना सांगायला माया बरी. पण कात्रीच्या टोकानं तो टाका उचलताना कुठंतरी खोल, अगदी खोल, मला गोडही लागत होतं. आता कोण कुणाची उसवतंय, असं. ते गोड लागणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

शमीमचाची आमच्या गल्लीतल्या. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजायचा धंदा, गाद्या भरायचा. सुई-दोऱ्यातलं त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. गुढीपाडवा झाल्यावर एका दुपारी त्या वाकळ बघायला आल्या. मी चहा ठेवायला आत गेलेली. आत्याबाईंनी मोठ्या हौसेनं वाकळ त्यांच्या मांडीवर पसरली आणि तेच वाक्य म्हणाल्या, डोळे गेले तरी हात गेला न्हाई. चाचींनी मनापासून तारीफ केली. क्या बात है, म्हणाल्या. आणि मग साधेपणानं, अगदी साधेपणानं विचारलं,

"गयाबाई, दो तऱ्हेचा धागा काहून लावला? भाईरचा पांढरा हाय, मधला पूरा पिवळा."

मी दारात उभी होते, हातात साखरेचा डबा. माझ्या बोटांकडे बघितलं. साबणानं घासली की लाल व्हायची आणि वाळली की परत पिवळी. रोज दुपारी मी हात धुऊनच बसायची. पण हळद धुतल्यानं जाते असं कोण म्हणतं. पांढरा दोरा माझ्या बोटांतून गेला तिथं तिथं पिवळा होऊन बसला होता, हातभर न् हातभर, आणि मला रोज दिसूनही तो दिसला नव्हता. हळदीच्या दिवसांत आमच्या डोळ्यांना पिवळं दिसायचं बंदच होतं. आणि आत्याबाईंना त्या हंगामात हळदीजवळ कुणी जाऊ दिलं नव्हतं, वाफेनं भाजेल म्हणून. त्यांची बोटं स्वच्छ होती.

शेजारचा ड्रम नेमका तेव्हाच थांबला.

आत्याबाईंनी आपला हात चाचींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, कुठं कुठं पिवळा हाय, दाखव. चाचींना आता कळलं होतं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण सुटका नव्हती. हितं, म्हणाल्या. हितं. ही ओळ. ही पण. आत्याबाईंचं बोट एकेका ओळीवरून चालत गेलं, पार मध्यापर्यंत. संपलं तेव्हा त्यांनी वाकळीची घडी घातली, काठाला काठ बराबर जुळवून, आणि मला म्हणाल्या, चहा ठिव.

मग चार दिवस त्यांनी सुईला हात लावला नाही. मी रोज सात सुया ओवून ठेवायची, संध्याकाळी तशाच काढायची. त्या माझ्याशी बोलायच्या, तसं काही नाही. भाकरी मागायच्या, औषध मागायच्या. फक्त वाकळीचं नाव नाही. ह्यांनी विचारलं, काय झालंय दोघींचं? मी वसकन् अंगावर गेले, तुमची हळद बघा म्हटलं. लग्नाला बारा दिवस राहिले होते. वाकळीच्या ऐन मध्यावर दोन हात जागा शिवायची राहिलेली आणि पोट उघडं. ती जागा मी एका दुपारी भरून काढली असती, कुणाला कळलंही नसतं. आणि नेमकं तेच मला आता करता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. सुनंदा, वाकळ आण. मी आणली, समोर बसले. त्यांनी वाकळीवर हात ठेवला. मग म्हणाल्या,

"माझा दोरा कुठंय?"

मला कळलंच नाही आधी. मग कळलं. कुकरखालच्या जाळात घातला, म्हटलं मी.

"मी तुझी उसवली, ती तुझ्यासमोर. चार बायांत उसवली, पण तुझा दोरा तुझ्या हातात देला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू माझी चोरून काहून उसवली? मेलेल्या माणसाचं आवरून ठिवल्यासारखी?"

मी रडले. पंचवीस वर्षांपूर्वी गोठ्यामागं रडले होते, या वेळी त्यांच्यासमोरच रडले. चुकलं म्हटलं. लोकं हसतील म्हणून केलं, हेही म्हटलं. आणि मला जरा बरं वाटत होतं उसवताना, हे सांगावं की नाही याचा विचार करत होते, तर त्याच म्हणाल्या, तुला गोड लागलं असंल थोडं. लागणारच. मला बी लागलं होतं तवा.

मग त्यांनी सुई मागितली. एक ओळ शिवली, हातभर. विचारलं, कुठं चुकली? मी म्हटलं, सुरुवातीपासून वीतभर अंतरावर खाली गेली. उसव, म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर उसवली, कात्रीचा कट् आवाज सगळ्या ओसरीला ऐकू गेला, आणि निघालेला दोरा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटाभोवती गुंडाळला. परत घाल, म्हणाल्या, दोरा चांगलाय.

दुसऱ्या वेळीही घसरली. तिसऱ्या वेळी मी न बोलता माझं बोट कापडावर आडवं धरलं, काठासारखं. त्यांची सुई माझ्या बोटाला लागून चालायला लागली. मी बोट पुढं सरकवायची, त्या टाका घालायच्या. दोन-चारदा सुई माझ्या बोटात गेली. काय तकलीफ होऊन राहिली का, असं त्या विचारायच्या आणि मी न्हाई म्हणायची. ती ओळ सरळ गेली. दोरा माझ्या बोटाला घासून पिवळा झाला, पण शिवण त्यांची होती. आठ दिवस आम्ही असं शिवलं. हळद अंगणात तशीच पसरून राहिली, ह्यांनी कपाळाला हात लावला.

मध्यावर आलो. त्यांनी पोटात चिमूटभर ज्वारी घातली आणि म्हणाल्या, आता बोट काढ. मी काढलं. पोट त्यांनी एकटीनं बंद केलं. चारी बाजू वाकड्या, एक टाका लांब, एक आखूड. मी बघत होते आणि हात शिवशिवत होते. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, उसवू का?

न्हाई, म्हणाल्या. हे ऱ्हाऊ दे.

लग्नाच्या दिवशी रुखवताशेजारी खुर्ची टाकून आत्याबाई बसल्या होत्या. व्हायचं तेच झालं. नवऱ्या मुलाची मावशी, जाडजूड, अनुभवी बाई, टेबलाशी आली. लाडवांकडे बघितलं नाही. वाकळ उचलली, उलटी केली, ओळींवरून अंगठा फिरवत मध्यावर आली आणि थांबली. चार-पाच डोकी पुढं झाली. हे मधलं कुणाच्या हातचं, असं तिनं विचारलं, बाकी तर अशी शिवण आणि हितं कुणी लेकरानं हात चालवला का.

माझ्या तोंडात शब्द तयार होता. माझा हात आहे, घाईत झालं. किती सोपं होतं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली होती आणि त्या वाट बघत होत्या. मावशीच्या बोलण्याची नाही, माझ्या उत्तराची.

"आमच्या आत्याबाईंचा हात हाय," मी म्हटलं. "डोळ्यांनी दिसत न्हाई त्यांना."

मावशीनं पोटाचा तो तुकडा दोन बोटांत धरून जोरात ओढून बघितला, एकदा, दोनदा. मग म्हणाली, घट्ट हाय. आत्याबाई म्हणाल्या, घट्ट असणारच. आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या.

आत्याबाई गेल्या त्याला दोन पावसाळे झाले. प्रणिता सांगते, वाकळ पहिल्यांदा धुतली तेव्हा साबणानं साऱ्या पिवळ्या ओळी लाल झाल्या, तिची सासू घाबरली. मग दोन-चार उन्हं लागली आणि रंग उडून गेला. आता माझा दोरा कुठला आणि त्यांचा कुठला, कुणालाच सांगता येणार नाही. फक्त पोट तेवढं ओळखू येतं. थंडीत हात आपोआप तिथं जातो म्हणते.

हे सगळं मी आता का आठवत बसले, तर माझ्या चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदललाय. सुई ओवायला मी दारात उजेडात जाऊन उभी राहते आणि कुणी बघत नाही ना, हे बघते. नातीच्या वाकळीची तिसरी ओळ खाली गेलीय, हे मला बोटाला कळलं होतं. मी गप्प बसले होते.

मघाशी प्रणिता उठली. अंगणात कुकर शिट्टी मारत होता, वाफ ओसरीपर्यंत येत होती. तिनं माझ्या डब्यातून कात्री घेतली, वाकळ काखेत मारली आणि मागच्या खोलीकडे निघाली. हलक्या पायानं, मला कळू नये अशी. तिची बोटं सकाळपासून हळदीत होती, पिवळीजर्द.

"तिकडं न्हाई," मी म्हटलं. "हितं बस. माझ्यासमोर उसव."

ती दारात थांबली. मग परत आली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, आणि मी दोरा घ्यायला हात पुढं केला.